पीचसाठी विकत आणलेला हिवाळा

आदिनाथराव वाघमोडे यांनी एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. झाडाची सुप्तावस्था म्हणजे काय, हे त्यांनी या एकतीस वर्षांत एकाच वाक्यात, एकाच आवाजात आणि स्वल्पविरामाच्या जागी तोच खाकरा काढून सांगितले : थंड प्रदेशातील फळझाडे हिवाळ्यात पाने टाकून झोपी जातात, आणि पुरेशी थंडी मिळाली तरच पुढे फुलतात. उदाहरणे, सफरचंद, नासपती, पीच. 'पीच' या शब्दाखाली ते फळ्यावर रेघही ओढीत, कारण तो परीक्षेत हमखास येई.

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर जुळे सोलापुरातल्या आपल्या अंगणात पीचचे झाड लावले. ज्या गावात लोक डिसेंबरात स्वेटर घालतात ते थंडी वाजते म्हणून नव्हे, तर वर्षातून एकदा त्याला ऊन दाखवावे म्हणून, त्या गावात लावले. अज्ञानाने झालेल्या चुकीला क्षमा असते. आदिनाथरावांची चूक पूर्ण ज्ञानाने झालेली होती आणि तिच्याखाली त्यांनीच रेघ ओढलेली होती.

रोप त्यांना गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानावर भरलेल्या शेतीच्या प्रदर्शनात मिळाले. "थंडी फारच कमी लागणारी जात आहे, सर," विक्रेता म्हणाला. आदिनाथरावांनी भुवई उंचावून, तोंडी परीक्षेत विचारतात तसे विचारले, "किती कमी?" विक्रेत्याने हात जोडले. "तुमच्यासारख्या जाणकारांना मी काय सांगणार?" आदिनाथरावांनी पाकीट काढले. रोप मांडीवर घेऊन ते रिक्षात बसले.

पण खरे कारण प्रदर्शनात नव्हते, त्यांच्या मूळ गावी, मोडनिंबला होते. वडील कोंडीबा गेले तेव्हा थोरला बिरुदेव सातवीत होता आणि आदिनाथ पहिलीत. बिरुदेवाने कोणाला काही न विचारता दप्तर खुंटीला अडकवले आणि विहिरीवरच्या पंपाच्या खोलीची किल्ली कमरेला बांधली. ते दप्तर पुढे आदिनाथाने वापरले. त्याला आता पंचावन्न वर्षे होत आली. बिरुदेवाची चार एकर डाळिंबाची बाग झाली आणि प्रत्येक हंगामात तिथून एक पेटी सोलापूरला येऊ लागली. परतफेड म्हणून आदिनाथराव दिवाळीला एक सदरा आणि महाविद्यालयाची दैनंदिनी पाठवीत. दैनंदिनीत बिरुदेव गाई कधी गाभण गेल्या ते लिहून ठेवी.

निवृत्तीच्या समारंभाला बिरुदेव फेटा बांधून पहिल्या रांगेत बसला होता. भाषणे संपल्यावर त्याने धाकट्याच्या गळ्यातला हार सारखा केला आणि हळूच विचारले, "एकतीस साल झाडं शिकवलीस. एक तरी लावलंस का रं?"

"आण्णा, ते अभ्यासक्रमात नव्हतं."

"मग आता तरी लाव. एक फळ खाऊ घाल मला. तुझ्या हातचं. लई नगं, एकच. मी जायच्या आत."

बिरुदेव हसत बोलला होता. आदिनाथरावांनी मात्र ते मनाला लावून घेतले. आता एखाद्या समंजस माणसाने कुंडीत लिंबू लावले असते. पण डाळिंबाच्या बागायतदाराला लिंबू काय नेऊन द्यायचे? त्याने जन्मात न पिकवलेले फळ त्याच्या हातावर ठेवायचे, असे आदिनाथरावांच्या मनाने घेतले. ही कृतज्ञता आहे, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात तो जुनाच अहंकार होता; फक्त दिवाळीचा सदरा घालून आला होता.

झाड वाढले, खांद्याएवढे झाले. पाने अशी सुरेख की येणारेजाणारे थांबून विचारीत, "हे कशाचं?" आदिनाथराव सांगत, "पीच," आणि पुढचा प्रश्न येण्याआधी घरात जात. फूल यायचे नाव घेईना. त्यांनी व्हरांड्यात तापमापक टांगला आणि सात अंशांखाली पारा किती तास गेला, याची वही ठेवली. पहिल्या हिवाळ्याची बेरीज शून्य. दुसऱ्या हिवाळ्याची बेरीज शून्य. शिस्तीत वाढलेला माणूस, म्हणून दोन्हींची मिळून बेरीजही त्यांनी खाली लिहिली.

तिसऱ्या दिवाळीनंतर शालनताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, तोंड उघडले. "अहो, नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. त्यातल्या सात बादल्या हे झाड पितं. घरात आपण दोघं मिळून सात पीत नाही."

"लहान आहे अजून."

"लहान? त्याच्या वयाची पोरं बालवाडीत जातात. मी सांगून ठेवते, गुढीपाडव्यापर्यंत फूल दिसलं नाही तर झाड निघेल आणि तिथं जमिनीतली टाकी होईल. दुसरी जागा नाही आपल्याकडं."

टाकीची गरज खरी होती, आणि शालनताई बोलल्या की तसे होई, हा चौतीस वर्षांचा अनुभव होता. म्हणजे आता फूल यायचे ते याच हिवाळ्यात. बिरुदेव अडुसष्टचा झालेला. नवे झाड लावून पुन्हा तीन वर्षे थांबा, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

डिसेंबरात शालनताई बहिणीच्या नातवाच्या बारशाला अकलूजला गेल्या. सोलापूरला हिवाळा येत नसेल तर तो विकत आणावा, असा निर्णय आदिनाथरावांनी त्याच संध्याकाळी घेतला. निर्णय घेताना त्यांना आपण अत्यंत तर्कशुद्ध वाटलो, हे नमूद करायला हवे.

सकाळी सात वाजता अतीकचा टेम्पो दारात उभा राहिला. बर्फाच्या कारखान्यातून तो लग्नाच्या मांडवांना आणि सरबताच्या गाड्यांना बर्फ पोचवी. पण डिसेंबरात सकाळी सातला, घरी, तीन लाद्या म्हणजे मयतासाठीच, हे ओळखून त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली आणि आवाज खाली आणला. "सर... कुठं ठेवू? आतल्या खोलीत?"

"नाही, इथं. झाडाच्या बुंध्याशी."

अतीकने झाडाकडे पाहिले, मग सरांकडे. दुःखात माणूस काहीही बोलतो, हे त्याला धंद्यामुळे ठाऊक होते. त्याने लाद्या बुंध्याभोवती नीट लावल्या, पैशांचे नंतर बघू म्हणाला आणि टेम्पो आवाज न करता नेला.

थंडी उडून जाऊ नये म्हणून आदिनाथरावांनी पलंगावरची पांढरी चादर काढून झाडावर पांघरली. वाऱ्याने ती फडफडू लागली, तेव्हा शेंड्याच्या जरा खाली आपला राखाडी मफलर गुंडाळून गाठ मारली. तो मफलर साऱ्या कॉलनीच्या ओळखीचा होता. मग बर्फावर टाकायला भुसा आणण्यासाठी ते घराच्या मागे गेले. फोन स्वयंपाकघरात होता आणि वर्गावर जायच्या सवयीने त्याचा आवाज अजूनही बंदच असे.

समोरच्या बंगल्याच्या गॅलरीत संगप्पा चहाचा कप घेऊन आले ते याच वेळी. संगप्पा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. कॉलनीतल्या कोणत्याही मयताला पहिले पोचणारे आणि शेवटी निघणारे. त्यांच्या समाजात गेलेल्या माणसाला आडवे ठेवीत नाहीत. भिंतीला टेकवून बसवतात, वरून वस्त्र पांघरतात आणि मातीही बसवूनच देतात. त्यांना समोर दिसले ते असे : भिंतीशी पांढऱ्या वस्त्रात बसलेली आकृती, पायाशी बर्फ, गळ्याशी सरांचा मफलर, फाटक सताड उघडे आणि घर सामसूम.

संगप्पांचा कप कठड्यावरच राहिला. सर आपल्या समाजातले नव्हते, तरी शेवटी बसले, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी सरांच्या नंबरावर एकदा फोन लावून पाहिला. तो कोणी उचलला नाही, यात त्यांना आश्चर्य वाटले नाही. वहिनी अकलूजला, मग बर्फ कोणी मागवला, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पण कर्तव्य समोर उभे असताना माणूस प्रश्न विचारीत बसत नाही. त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर लिहिले : 'आपल्या कॉलनीतील ज्येष्ठ, अभ्यासू व मितभाषी आदिनाथ सर यांचे आज पहाटे दुःखद निधन झाले.' 'पहाटे' हा त्यांचा स्वतःचा अंदाज होता. त्यानंतर त्यांनी मोडनिंबला बिरुदेवाचा मुलगा ऋतुराज याला फोन करून कळवले आणि वहिनींना सांगण्याचे अवघड काम घरच्या माणसांवर सोडले; त्यांनी ते सोलापूरला पोचल्यावर करायचे ठरवले.

आदिनाथराव भुशाचे पोते डोक्यावर घेऊन घराच्या कडेने पुढे आले, तेव्हा फाटकात पंधरा-वीस माणसे उभी होती. पुरुषांच्या खांद्यांवर टॉवेल होते, एकाच्या हातात हार होता. केसांत, भुवयांत भुसा अडकलेले आदिनाथराव जागीच थांबले. एवढी माणसे गंभीर उभी आहेत म्हणजे काहीतरी वाईट घडले आहे, हे त्यांनी ओळखले. पोते खाली ठेवून ते हलक्या आवाजात म्हणाले, "संगप्पा, कोण गेलं?"

संगप्पांनी खांद्यावरचा टॉवेल उतरवला. "तुम्हीच की ओ, सर."

मग चादर काढावी लागली. आत झाड निघाले. लोकांनी ते सर्व बाजूंनी पाहिले, आणि कोणी मेलेले नाही याचा आनंद व्हायच्या ऐवजी मंडळी किंचित नाराज झाली.

"पीच आहे," आदिनाथरावांनी खुलासा केला. "त्याला फुलायला हिवाळा हवा असतो."

"हवा असतो म्हणून आपण विकत आणायचा?" संगप्पा आता तापले. "मला पण पाऊस हवा असतो. मी काय आगीचा बंब बोलावतो का? अहो, मी तुमच्यासाठी रडलो की ओ! चहा गार झाला माझा. आणि आता ग्रुपवर काय टाकू? चौसष्ट जणांनी हात जोडलेत."

"जिवंत आहेत, असं टाका."

"तसं कसं टाकायचं? बरं दिसतं का ते?"

हार आणणाऱ्या गृहस्थांनी तो परत न्यायचा तरी कुठे, म्हणून फाटकावर अडकवला आणि ते घरी गेले. श्रद्धांजलीचा मजकूर आदिनाथरावांनी नंतर चार वेळा वाचला. 'अभ्यासू' हे विशेषण त्यांना हयातीत कोणी लावले नव्हते.

चादरीची घडी घालून ते पायरीवर चहा घेत बसले असताना ऋतुराजची गाडी येऊन थांबली. तोपर्यंत मोडनिंबला पुन्हा फोन करून खरे सांगायचे कोणाला सुचले नव्हते. आदिनाथरावांना तर मोडनिंबला कळले आहे हेच ठाऊक नव्हते. गाडीतून बिरुदेव उतरला. त्याच्या डोक्याला काही नव्हते. घराबाहेर बोडक्या डोक्याचा बिरुदेव आदिनाथरावांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. "आद्या रं..." असे फाटकापासूनच ओरडत तो आत आला, आणि तीन पावलांवर आद्याच हातात पेला धरून बसलेला दिसला.

बिरुदेव उभा राहिला. मग पायरीवर धाकट्याशेजारी बसला. त्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि उरलेला चहा एका दमात पिऊन टाकला. पेला खाली ठेवून त्याने आदिनाथरावांचा कान धरला आणि पिळला. निवृत्त अध्यापक, वय एकसष्ट, 'ज्येष्ठ व अभ्यासू', यांचा कान समोरच्या गॅलरीतून संगप्पा पाहत असताना भर अंगणात पिळला गेला. आदिनाथरावांनी तो सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही.

"मोडनिंबपास्नं रडत आलोय," बिरुदेव म्हणाला. "टोल नाक्यावरचा माणूस इचारत हुता, काय झालं म्हातारबा. कशापायी ह्ये सोंग?"

"तुमच्यापायीच, आण्णा. तुम्ही म्हणाला होता, एक फळ."

बिरुदेवाने कान सोडला. झाडाकडे आणि त्याच्या पायाशी वितळणाऱ्या लाद्यांकडे पाहिले. मग उठून एक डहाळी वाकवली, नखाने साल खरडली. "पाणी किती देतूस?"

"येईल त्या दिवशी सात बादल्या."

"खत?"

"महिन्याला."

"आनि वरनं बरफ. झाड न्हवं ह्ये, जावाय हाय तुजा. अरं, पोट भरल्यालं झाड कशाला फुलंल? त्याला काय घाई हाय? आपल्या डाळिंबाला काय करतो आपण?"

डाळिंबाला काय करतात, हे आदिनाथरावांना दहाव्या वर्षापासून माहीत होते. बागेचे पाणी महिना-दीड महिना तोडतात. त्याला ताण देणे म्हणतात. पाने पिवळी पडतात, राहिलेली माणूस ओरबाडून काढतो, शेंडे छाटतो. मग पहिले पाणी सोडले की आता आपले काही खरे नाही, अशा भीतीने झाड अंगभर फुलते. सुट्टीत पाने ओरबाडून त्यांचे स्वतःचे तळहात हिरवे होत. ही सुप्तावस्थाच होती, हाताने आणलेली. एकतीस वर्षांत त्यांनी ती एकाही विद्यार्थ्याला सांगितली नाही, कारण पुस्तकात उदाहरणे तीनच होती.

तरी शिक्षक सहजासहजी हार मानीत नाही. "पण आण्णा, हे थंड प्रदेशातलं झाड आहे."

"असंल. त्याला कुटं ठावं हाय ते कुटं हाय? तू सांगितलंस व्हय त्याला?"

त्या दिवसापासून झाडाचे पाणी बंद झाले. अकलूजहून परतलेल्या शालनताईंना शेजारणींनी सगळे सांगितले. त्या घरात येऊन म्हणाल्या, "मी चार दिवस नव्हते तर तुम्ही गेलातसुद्धा!" पण सात बादल्या वाचल्याचे कळल्यावर त्यांनी विषय वाढवला नाही. आदिनाथराव मात्र रोज सकाळी झाडासमोर अपराध्यासारखे उभे राहत. पाने मलूल झाली, कडा वळल्या. एकदा त्यांनी लोटाभर पाणी नेलेच होते, इतक्यात समोरून आवाज आला, "सर, तुमच्या भावाला फोन लावू का?" बिरुदेवाने जाताना संगप्पांना पहारेकरी नेमले होते, आणि संगप्पांनी ते काम सरकारी निष्ठेने चालवले होते.

जानेवारीच्या अखेरीस बिरुदेव स्वतः एस.टी.ने आला. फेटा डोक्यावर होता. दोघा भावांनी सकाळभर बसून झाडाची पाने हातांनी काढली. बिरुदेवाचा हात फांदीवरून एकदाच फिरे आणि फांदी मोकळी होई. आदिनाथराव एकेक पान देठापासून सोडवीत.

"फुलं तोडतूस का पूजेला?" बिरुदेव म्हणाला. "वड की!"

आदिनाथरावांनी ओढले, तशी सालही निघाली. बिरुदेवाने पाहिले आणि तोंड फिरवून हसू गिळले. दुपारी छाटणी झाली. संध्याकाळी नळ आला तेव्हा पहिली बादली शालनताईंनी ओतली.

पाडव्याला अजून महिना होता. एके सकाळी शालनताई अंगणातून ओरडल्या, "अहो, या इकडं! तुमचं काहीतरी फुटलंय."

काड्यांवर गुलाबी रंगाची नऊ फुले होती. आदिनाथरावांनी ती चष्मा लावून मोजली, चष्मा पुसून मोजली. संगप्पांनी फोटो ग्रुपवर टाकला आणि काही सदस्यांनी सवयीने पुन्हा हात जोडले. शालनताईंनी टाकी पुढच्या पाडव्यावर ढकलली. हे यश ताणाचे, तीन लाद्या बर्फाचे, की त्या विक्रेत्याने खरेच सांगितलेल्या जातीचे, याचा निर्णय आदिनाथरावांना करता येईना. एकाच झाडावर सगळे उपचार आणि तुलनेला दुसरे झाड नाही! असा प्रयोग विद्यार्थ्याने लिहून आणला असता तर त्यांनी वही तोंडावर फेकली नसती, ते मितभाषी होते. पण गुण मात्र शून्य दिले असते.

नऊ फुलांतून चार फळे धरली. मार्चच्या उन्हाने दोन गळाली, एक खारीने नेले. उरलेल्या एकाला शालनताईंनी आपला जुना बटवा घातला आणि नाडी आवळली. मेच्या मध्यात, पारा चव्वेचाळीसवर असताना, आदिनाथरावांनी ते फळ उतरवले. लिंबापेक्षा थोडे मोठे, अंगावर लव, एका गालावर लाली. डब्यात रुमालाची घडी, घडीत फळ, आणि डबा मांडीवर घेऊन ते मोडनिंबच्या एस.टी.त बसले. शेजारच्या बाईंनी विचारले, "दवाखान्याचा डबा का?" ते हो म्हणाले. खरे सांगितले असते तर जास्त बोलावे लागले असते.

बिरुदेव बागेकडेच्या शेडमध्ये पेट्यांना आतून रद्दीचा कागद लावीत बसला होता. आदिनाथरावांनी डबा उघडून पुढे धरला आणि बोलायचे ठरवून आणलेले वाक्य विसरले. बिरुदेवाने फळ हातात घेतले, त्याची लव अंगठ्याने पुसली, वास घेतला. चाकूने मधोमध चिरले, आठोळी काढून पेटीच्या काठावर ठेवली आणि अर्धे फळ तोंडात टाकले.

आदिनाथराव उभे होते. हजारो पोरांना त्यांनी असे निकालापुढे उभे केले होते. आज निकाल त्यांचा होता. बिरुदेव सावकाश चावत होता. कपाळावर आठी नाही, डोळ्यांत काही नाही.

"ग्वाड हाय की," तो म्हणाला.

आदिनाथरावांचा जीव भांड्यात पडला. उरलेले अर्धे बिरुदेवाने त्यांच्या हातावर ठेवले, तेव्हा त्यांनी मोठ्या समाधानाने त्याचा घास घेतला, आणि त्यांचे दोन्ही डोळे आपोआप मिटले. कच्ची चिंच परवडली असती. दातांतून शिरलेली कळ पिळल्या गेलेल्या कानापर्यंत गेली. डोळे उघडले तर बिरुदेव धोतराच्या सोग्याला चाकू पुसत होता, आणि ते काम एवढे बारकाईने करण्याजोगे नव्हते.

"आण्णा, हे तर आंबट आहे."

बिरुदेवाने मान वर केली नाही. "मेल्याल्या माणसानं माज्यासाठी एस.टी.नं आणून दिलंय," तो म्हणाला. "त्याला आंबट म्हणू व्हय?"

आदिनाथरावांनी अध्यापनाच्या काळात कधी कोणाला वाढीव गुण दिले नव्हते. नियमात बसत नाही म्हणत. राहिलेला घास त्यांनी सालीसकट खाल्ला, डबा बंद केला आणि खाली बसून भावाबरोबर पेट्यांना रद्दी लावू लागले.